गुरुवारची काडतुसं

१७ ऑगस्ट १९७८, गुरुवार

पुन्हा आला. पोतं खांद्यावर, दार न वाजवता, चिखलाच्या बुटांनिशी थेट तळघरात. जिना मी सकाळीच पुसला होता.

एमिल वोंद्राच्या पोत्यात दर आठवड्याला तेच असतं – नेमबाजीच्या क्लबवरून वेचलेल्या, झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. बुधवारी संध्याकाळी बाकीचे लोक मातीच्या तबकड्या उडवतात आणि घरी जातात. हा बासष्ट वर्षांचा बाप्या गवतात वाकून वाकून दुसऱ्यांनी टाकलेलं गोळा करतो. गुरुवारी ते सगळं माझ्या घरात! खाली माझा नवरा ऑर्लिन बसलेला असतो, एका चालत्या हाताचा. त्याने त्या पुंगळ्या भरायच्या. बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवा, बंदुकीची दारू घाला, वर बूच, वर छर्रे, तोंड दुमडा – की पुन्हा ओढा यंत्राचा दांडा. दुपारभर.

आणि तयार माल कुठे जातो? एमिलच्या पिकअपमध्ये. पेट्याच्या पेट्या. एकसुद्धा काडतूस या घरात राहत नाही. ऑर्लिनचं यंत्र, ऑर्लिनची मेहनत, आणि हा मजेत घेऊन जातो.

तंबाखू थुंकायला डबा सोबत आणतो. तो माझ्या लोणच्यांच्या बरण्यांशेजारी ठेवतो.

२० ऑगस्ट

शर्टाची बटणं मी लावली म्हणून ऑर्लिनने ती सगळी पुन्हा काढली. एका हाताने. चर्चला एकटीच गेले.

२४ ऑगस्ट, गुरुवार

हॉस्पिटलमधून व्यायाम शिकवायला बाई येते. तिने दिलेला रबरी चेंडू ऑर्लिनने आज खिडकीबाहेर भिरकावला. डाव्या हाताने, पण काय लांब गेला! बाई मला म्हणाली, त्यांना कशात तरी रस वाटायला हवा.

रस वाटतो की. गुरुवारी सकाळी सातला उठून दाढी करतो. माझ्यासाठी या नऊ महिन्यांत एकदाही केली नाही.

"हो", "नको", आणि एक शिवी – एवढंच बोलणं उरलंय त्याचं. पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या बडबडीला मी कंटाळले होते, त्याच्यासमोर बसून आता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकते.

३१ ऑगस्ट, गुरुवार

लिहूनच टाकते एकदा. कुणाला सांगायचं नाही तर निदान कागदाला.

गेल्या नोव्हेंबरात दोघे हंसांच्या शिकारीला गेले होते. पाणथळीच्या कडेला, बोरूच्या आडोशाला, पहाटेपासून. आठच्या सुमाराला ऑर्लिनच्या हातून कप पडला. तोंड एका बाजूला ओघळलं. शब्द फुटेनात, नुसते आवाज. आणि एमिल हसला! ऑर्लिन बँकेच्या म्हाताऱ्या मॅनेजरची नक्कल करायचा, तशीच नक्कल चाललीय असं त्याला वाटलं. त्याने कप उचलून दिला, कॉफी ओतली, म्हणाला पुरे आता, हंस बिथरतील. दहा वाजले तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

दोन तास.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर फरक पडला असता की नाही ते सांगता येत नाही. मला सांगता येतं.

७ सप्टेंबर, गुरुवार

"बाईसाहेब, आज कॉफी मिळेल का, की नुसतेच डोळे वटारून बघणार?"

मी म्हटलं, शेगडी बिघडलीय. शेगडीवर किटली उकळत होती. एमिलने किटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नळाचं पाणी प्यायला नि खाली गेला. निर्लज्ज.

१२ सप्टेंबर

रूबेन आला होता. माझा धाकटा भाऊ. शेती एकोणीस मैलांवर, महिन्यातून दोनदा तरी चक्कर टाकतो. त्याला बोकडाच्या मांसाचे तुकडे तळून दिले, ऑर्लिनला बारीक करून. बोलता बोलता म्हणाला, एमिल परवा हार्डवेअरच्या दुकानात होता, कारखान्याची तयार काडतुसं घेत होता. चार पेट्या. क्लबवरही हल्ली विकतचीच झाडतो.

मी हातातला झारा खाली ठेवला.

म्हणजे ऑर्लिनची भरलेली तो वापरतच नाही. मग करतो काय त्यांचं? विकत असणार, दुसरं काय! पलीकडच्या काउंटीत, जिथे त्याला कुणी ओळखत नाही तिथे. माझ्या लुळ्या माणसाला तळघरात मजुरीला बसवलंय त्याने.

रूबेन म्हणाला, ताई, तुला नक्की माहीत नाही ना, मग उगाच बोलू नकोस. रूबेन सगळ्यांनाच असं सांभाळून घेतो. लहानपणी कुत्रा चावला तरी कुत्र्याचीच बाजू घ्यायचा.

१४ सप्टेंबर

आज काही बोलले नाही. फक्त पाहिलं. सहा पेट्या नेल्या.

२१ सप्टेंबर, गुरुवार

बोलले.

तो पेट्या उचलत होता तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. म्हटलं, यातल्या चार ठेवून जायच्या. पुढच्या महिन्यात फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय, रूबेनला लागतील.

त्याचा चेहरा पडला. चोर पकडल्यावर पडतो तसाच. म्हणाला, रूबेनच्या बंदुकीला ही चालायची नाहीत.

"का? त्याचीही बाराचीच आहे. बारा नंबरचं काडतूस बारा नंबरच्या बंदुकीत का चालणार नाही, सांग की मला."

त्याने ऑर्लिनकडे पाहिलं. ऑर्लिन स्टुलावर बसून दोघांकडे बघत होता. एमिल म्हणाला, "व्हर्ला, बाहेर ये. बाहेर बोलू."

मी म्हटलं, माझ्या नवऱ्यासमोर बोलता येत नाही असं काय आहे? मग पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. विकत घेतलेल्या काडतुसांचं सांगितलं. चोर म्हटलं. पाणथळीतले दोन तासही काढले – ते आजवर त्याच्या तोंडावर कधी काढले नव्हते. तो लालही झाला नाही. राखेसारखा झाला. पेट्या मात्र सोडल्या नाहीत त्याने! छातीशी धरून माझ्या बाजूने वर गेला.

मी मागून ओरडले की या घराची पायरी पुन्हा चढायची नाही.

ऑर्लिनने मला शिवी दिली. तीच ती, एकुलती एक. मला.

२४ सप्टेंबर

एमिलचा फोन. आवाज ओळखला आणि ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा ठेवला.

२८ सप्टेंबर, गुरुवार

दोन वाजता पिकअप आली. कडी लावलेली होती. त्याने दार वाजवलं – आता वाजवतो! ऑर्लिन काठी जमिनीवर आपटत होता. मी रेडिओ मोठा केला. पाऊण तासाने पिकअप गेली.

ऑर्लिन जेवला नाही.

३० सप्टेंबर

टपालात एमिलचं पाकीट. न फोडता चुलीत घातलं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

ऑर्लिनने सकाळी दाढी केली नाही. खिडकीशी नुसता बसून.

मग मीच ठरवलं. म्हटलं, त्या माणसावाचून आपलं अडत नाही हे दाखवून देऊ. हाताला धरून खाली नेलं, स्टुलावर बसवलं, रिकाम्या पुंगळ्यांचं पोतं जवळ ओढलं. तो "नको" म्हणाला. मी म्हटलं, भर, रूबेनसाठी भर, आपल्या माणसासाठी. बराच वेळ तसाच बसला. मग दांडा ओढायला लागला. मी वर जाऊन कुखेनचं, आमच्या गोड केकचं, पीठ मळलं. खालून खटक खटक ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. पहिल्यांदाच.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आज मीही बसले त्याच्यासोबत. तो बोटाने दाखवणार, मी ठेवणार. यात अवघड काय आहे? पुरुषांनी उगाच मोठं शास्त्र करून ठेवलंय. मध्येच फोन वाजला – चर्चच्या जेवणाबद्दल – वर जाऊन आले, पुन्हा बसले. सहा पेट्या झाल्या. त्यांवर मी ऑर्लिनचं नाव लिहिलं, सुबक अक्षरात.

हसला नाही तो. पण मी हसले.

१५ ऑक्टोबर, रविवार

रूबेन आला नि पाच पेट्या घेऊन गेला. एक मी घरी ठेवली, आठवण म्हणून.

पण काय तमाशा! रूबेनने पेट्या उचलल्या तसा ऑर्लिन खुर्चीतून उठायला गेला. डाव्या हाताने वरची पेटी ओढली, सगळी काडतुसं फरशीवर घरंगळली. "नको, नको, नको." रूबेन बिचारा गोंधळला. मी काडतुसं गोळा करून पुन्हा पेटीत भरली आणि ऑर्लिनला म्हटलं, त्या लफंग्याला द्यायला हात आखडत नाही आणि माझ्या भावाला द्यायला जीव जातो का?

त्याने डोळे मिटून घेतले. उघडेचना.

२१ ऑक्टोबर, शनिवार

हंगामाचा पहिला दिवस.  क्रमाने लिहिते.

साडेदहाला पिकअप आली. कडी होतीच. एमिलने दारावर मूठ मारली, मग पंजा, मग मला वाटतं खांदा. मी आतून म्हटलं, शेरीफला बोलावते. तो म्हणाला, बोलाव, पण आधी ऐक. कॅफेमध्ये आत्ता कुणीतरी बोललं की रूबेन ऑर्लिनची काडतुसं घेऊन शिकारीला निघालाय. खरं आहे का?

मी म्हटलं, खरं आहे, आणि तुझ्या बापाचं काय जातं?

तेव्हा तो दाराला तोंड लावून हळू बोलला. ऑर्लिनला ऐकू जाऊ नये म्हणून हळू. "व्हर्ला, ती काडतुसं बंदुकीत घालायची नाहीत. मी एकसुद्धा झाडलेलं नाही. दर गुरुवारी रात्री घरी नेऊन फोडतो सगळी."

मी कडी काढली. विश्वास बसला म्हणून नाही. तोंडावर खोटं पाडायचं म्हणून.

घरी ठेवलेली पेटी मी आणून ओट्यावर आपटली. त्याने खिशातला चाकू काढला, पिठाच्या परातीशेजारी एक बशी मागितली, आणि एकेक काडतूस चिरून रिकामं करत गेला. पहिलं ठीक. दुसरं ठीक. मी म्हटलं, झालं समाधान? तिसऱ्यात छर्रे होते, बूच होतं, दारूचा कण नव्हता. चौथं ठीक. पाचव्यातली दारू त्याने चौथ्याच्या ढिगाशेजारी ओतली. ढीग दुप्पट होता.

"हे वाजलं असतं तर नळी केळीच्या सालीसारखी सोलली असती," तो म्हणाला. "आणि डावा हात तिथेच असतो, नळीखाली."

ज्यात दारूच नाही तेही तसंच वाईट, म्हणाला. बूच अर्ध्या नळीत जाऊन अडकतं, आणि मागून चांगलं काडतूस झाडलं की संपलं.

मी रूबेनच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. सगळे केव्हाच शेतावर गेले होते. सव्वाअकरा झाले होते, आणि दुपारी बाराला शिकार उघडते.

शेजारणीला हाक मारून ऑर्लिनपाशी बसवलं आणि त्या पिकअपमध्ये चढले. त्याच्या. तंबाखूचा वास, पायाशी पाने-पक्कड. एकोणीस मैल, त्यातले बारा खडीचे. तो दात आवळून चालवत होता. मी विचारलं, कधीपासून फोडतोयस?

जानेवारीपासून. पहिल्या गुरुवारपासून. ऑर्लिनला क्रम आठवत नाही, म्हणाला. दारू घातली की नाही तेच विसरतो. सुरुवातीला एमिलने मध्ये हात घालून दुरुस्त करून पाहिलं. तर ऑर्लिन उठून जिन्याकडे निघाला. तेव्हापासून हा गप्प बसतो. घरी नेऊन फोडायची, छर्रे डब्यात भरून परत आणायचे, दारू बागेत ओतून नवी विकत घ्यायची, आणि चिरून पुंगळ्या वाया जातात म्हणून क्लबच्या गवतातून नव्या वेचायच्या.

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने रस्त्यावरून नजर काढली नाही. "या वर्षात मला एक वाक्य तरी पुरं बोलू दिलंयस का? बुटाला काही चिकटल्यासारखी बघतेस माझ्याकडे. फोन ठेवलास. पत्र लिहिलं. मिळालं ना?"

मिळालं, मी म्हटलं. काय केलं ते सांगितलं नाही.

रूबेनच्या वळणाच्या दोन मैल आधीच दोन्ही बाजूंनी आवाज सुरू झाले. सगळ्या जिल्ह्याने एकदमच बंदुका उचलल्या होत्या. बारा वाजले होते. 

एमिलने हॉर्नवर हात दाबून धरला, पिकअप चरीतून थेट मक्यात घातली, आणि उतरून धावला. हाताने ताटं बाजूला सारत, ओरडत. मीही धावले. स्कर्ट फाटला.

रूबेन रांगेच्या टोकाला उभा होता. पायाशी एक फेझंट पडलेला. दुनळी बंदूक मधून उघडून हातात, आणि अंगठ्याने नवं काडतूस आत सरकवत होता. एमिलने बंदूक त्याच्या हातातून खेचून घेतली.

रूबेन म्हणाला, अरे, काय झालं? पहिलं छान वाजलं, पक्षी पडला. दुसरं जरा खोकलं, एवढंच. ओलं असेल वाटलं.

एमिलने आतलं काडतूस काढून टाकलं आणि नळ्या आभाळाकडे धरून माझ्यापुढे केल्या. एका नळीत निळा गोल दिसत होता. दुसरीत काळोख.

रूबेनने ते पाहिलं आणि मक्याच्या सरीत खाली बसला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

परत येताना पाचही पेट्या माझ्या मांडीवर.  उतरताना एमिल म्हणाला, ऑर्लिनला यातलं काही सांगू नकोस. त्याला वाटतं आपण अजून कामाचे आहोत. तेवढं राहू दे.

आभार मानायला हवे होते. मी दार आपटून आत आले.

२२ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही.

राग गेलेला नाही. उलट वाढलाय. नऊ महिने त्याने माझ्या नवऱ्याला खेळणं देऊन बसवलं, आणि मी वर बसून भांडी घासत राहिले. सगळं त्याला ठाऊक, मला काही नाही! घर माझं की त्याचं? माफी मागणार नाही मी. एका पिकअपच्या फेरीने पाणथळीतले ते दोन तास पुसले जात नाहीत.

आणि त्या दुप्पट दारूचं डोक्यातून जात नाही. बारा तारखेला फोन वाजला तेव्हा मी वर गेले होते. परत येऊन बसले तेव्हा हातातल्या पुंगळीत दारू होती की नाही ते पाहिलं होतं का मी? आठवत नाही. ते ऑर्लिनचं नसेलही. माझं असेल.

हे एमिलला कधीच सांगणार नाही.

२४ ऑक्टोबर

रूबेनने फोन केला. म्हणाला, ताई, त्याला पुन्हा येऊ दे. मी म्हटलं, तू कुत्र्याचीच बाजू घेणार. तो म्हणाला, हो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

ऑर्लिनने दाढी केली. कुणी सांगितलं नव्हतं.

दोनला दार वाजलं. उघडलं. एमिल पायपुसण्यावर बूट पुसत उभा, पोतं खांद्यावर. कॉफी ओतून ठेवली होती. कप उचलून खाली गेला.  खटक खटक चार वाजेपर्यंत. जाताना चार पेट्या घेऊन गेला.

ऑर्लिन खिडकीशी उभा होता, पिकअप वळणाआड जाईपर्यंत. त्याचा चेहरा पाहिला आणि मनात काहीतरी टोचलं. पंधरा तारखेला रूबेनच्या हातातली पेटी त्याने का ओढली होती?

२७ ऑक्टोबर

न्याहारीला विचारलंच. एमिलने नको सांगितलं होतं तरी.

"तो ती काडतुसं घरी नेऊन फोडतो. तुला ठाऊक होतं?"

"हो."

कधीपासून, विचारलं. त्याने एक बोट वर केलं. पहिल्या गुरुवारपासून.

माझा आवाज चढला. मग हा खेळ कशाला, म्हटलं, दर आठवड्याला दाढी करून, खाली जाऊन, कचऱ्यात जाणारी काडतुसं भरत बसायची ती कुणासाठी?

त्याने चमचा खाली ठेवला. शब्द जुळवायला फार वेळ लागला. मी मध्ये एकही पुरवला नाही.

"खाली," म्हणाला. "एमिल. रडतो."